एका माणसाची किती नावे?

वसंतातील व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना इतिहास म्हटला की लढाया, तह, सनदा आणि बखरी यांची अपेक्षा असते. आज आम्ही ज्या विषयासंबंधी बोलणार आहोत तो त्या मानाने अगदी किरकोळ वाटेल. नाव कसे लिहावे, एवढाच आमचा विषय. तोही राजेरजवाड्यांच्या नावांचा नाही. चित्रपटाच्या आरंभी किंवा अखेरीस पडद्यावर येणारी, गाण्याच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेली, नाटकाच्या जाहिरातीत खालच्या ओळीत बसवलेली जी नावे असतात, त्यांच्याविषयी आम्हांस बोलायचे आहे. ही सर्व नावे आता संगणकावरील मोठमोठ्या श्रेयसूच्यांत भरली जात आहेत, आणि कोणी काय केले याचा निवाडा पुढील पिढ्या त्या सूच्यांवरूनच करणार आहेत. तेव्हा तेथे नाव कसे लिहिले जाते हा इतिहासाचाच प्रश्न झाला आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. 'सुलोचना' हे नाव आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचे. परंतु सुलोचना म्हणजे कोण? मूकपटांच्या काळात ज्या सुलोचनेच्या नावावर चित्रगृहे भरत, त्यांचे मूळ नाव रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. 'मीठ भाकर', 'वहिनीच्या बांगड्या' आणि 'सांगत्ये ऐका' या मराठी चित्रपटांतून घरोघरी पोहोचलेल्या त्या दुसऱ्या सुलोचना. त्यांचे आडनाव लाटकर. पण पडद्यावर बहुधा 'सुलोचना' एवढेच लिहिले जाई. २०२३ साली त्या निवर्तल्या. आणि लावणी म्हटली की जिचा आवाज कानांत घुमतो त्या तिसऱ्या सुलोचना चव्हाण. त्या २०२२ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. विवाहापूर्वी त्या कदम होत्या आणि १९५० च्या आसपास हिंदी चित्रपटांत त्यांनी जी गाणी म्हटली ती 'सुलोचना कदम' किंवा 'के. सुलोचना' या नावाने.

आता एखादा दूरदेशीचा तरुण संगणकावर श्रेयसूची तयार करीत बसला आहे असे समजा. त्याच्यासमोर नावे येतात ती अशी : सुलोचना, सुलोचना, के. सुलोचना, सुलोचना कदम, सुलोचना चव्हाण. नावे पाच, माणसे तीन. तो जर पहिल्या दोघींना एक समजला तर मूकपटातील नायिकेच्या पदरी 'वहिनीच्या बांगड्या' जाईल. शेवटची तीन नावे जर त्याने निरनिराळी मानली, तर एका गायिकेची हयात तीन तुकड्यांत विखुरली जाईल. पहिल्या चुकीने एकीचे श्रेय दुसरीस मिळते आणि दुसऱ्या चुकीने ते कोणासच पुरते मिळत नाही. श्रेयसूची करणाऱ्यांस जे काही नियम करावे लागले ते या दोन चुका टाळण्यासाठी होत. हे नियम कसे घडले आणि आपल्या नावांवर ते कितपत बसतात, हे आपण क्रमाने पाहू.

मराठी माणसाचे नाव तीन पदांचे, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की ते अनादि असावे असे वाटते. वस्तुतः पेशवाईतील कागद पाहिले तर तेथे स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावरच काम भागत असे. नाना फडणीस आपणांस ठाऊक आहेत. कागदोपत्री ते 'बाळाजी जनार्दन'. घराण्याचे आडनाव भानू. फडणीस हा हुद्दा. नाना ही घरगुती हाक. म्हणजे एकाच पुरुषाची ओळख चार अंगांनी होत होती आणि प्रसंग पाहून लोक त्यांतील एक वापरीत होते. कुळकर्णी, देशपांडे, देशमुख ही आडनावे वतनांवरून आली. 'कर' लागलेली गावांवरून आली. काही धंद्यांवरून आली. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. शाळेचा दाखला, कोर्टाचे कागद, नोकरीचा अर्ज आणि टपाल यांचा व्याप वाढला तसतसे नाव, बापाचे नाव आणि आडनाव हे तीन खण पक्के होत गेले.

या दाखल्यांनी काय केले याची दोन उदाहरणे सर्वांच्या माहितीची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळांचे. शाळेत नाव गेले ते आंबडवे या गावावरून, आणि पुढे आंबेडकर हेच आडनाव जगास माहीत झाले. लोकमान्य टिळकांचे जन्मनाव केशव. 'बाळ' ही घरातली हाक. पण तीच कागदावर चढली आणि बाळ गंगाधर टिळक हेच नाव इतिहासात राहिले. या दोन्ही ठिकाणी 'खरे नाव कोणते?' असा प्रश्न कोणी केला तर उत्तर काय द्यावे? जन्मनाव खरे म्हणावे तर लोकमान्यांचा ग्रंथ केशव टिळकांच्या नावाखाली शोधावा लागेल, आणि तेथे तो कोणीही शोधणार नाही. म्हणजे खरे नाव कोणते आणि ओळखीचे नाव कोणते हे दोन प्रश्न निराळे आहेत. ही गोष्ट आधी ध्यानात आली ती ग्रंथपालांच्या.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पानिझ्झी या मूळच्या इटालियन गृहस्थांनी १८४१ साली ग्रंथसूचीचे ९१ नियम केले. अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी १८७६ साली आपली नियमावली छापली आणि सूचीचे प्रयोजन स्पष्ट शब्दांत मांडले. ज्याला लेखक माहीत आहे त्याला त्याचे पुस्तक सापडले पाहिजे, आणि एका लेखकाचे ग्रंथालयात जे जे आहे ते सारे एके ठिकाणी दिसले पाहिजे. हे दुसरे प्रयोजन महत्त्वाचे. ते साधायचे तर एका लेखकासाठी एकच नाव मुख्य ठरवावे लागते आणि त्याच्या बाकीच्या नावांपुढे 'अमुक पाहा' अशी चिठ्ठी ठेवावी लागते. केशवसुत शोधणाऱ्यास कृष्णाजी केशव दामले सापडावेत, गोविंदाग्रज शोधणाऱ्यास राम गणेश गडकरी सापडावेत, ही सोय या चिठ्ठीने होते. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी प्रचंड सूची केली, तीत अशा नावांचा किती गुंता सुटला आहे हे ज्यांनी ती चाळली असेल त्यांना सांगावयास नको.

परंतु युरोपातील नियमांत एक गृहीत दडलेले होते. नावाचे शेवटचे पद म्हणजे कुलनाम, आणि सूचीत माणूस त्या पदाखाली सापडावा, असे ते गृहीत. आपल्या फडके, गोखले, जाधव यांस ते बरे लागू पडते. पण शियाली रामामृत रंगनाथन हे नाव घ्या. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे हे प्रणेते. त्यांची सूचीसंहिता १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या नावातील 'शियाली' हे गाव, 'रामामृत' हे वडील आणि 'रंगनाथन' हे त्यांचे स्वतःचे नाव. कुलनाम त्यात मुळी नाहीच. ज्यांनी जगास सूची करावयास शिकविली त्यांचेच नाव साहेबी खणांत बसत नव्हते! पुढे १९६१ च्या ऑक्टोबरात पॅरिसला देशोदेशींचे ग्रंथपाल जमले. त्यांनी असे ठरविले की, नावाचे कोणते पद आधी घ्यावयाचे हे शक्य तेथवर त्या लेखकाच्या देशातील रूढीप्रमाणे ठरवावे. हा निर्णय आम्हांस फार मोलाचा वाटतो. नियम करणाऱ्याने आपल्या घरची चाल जगावर लादू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

आता चित्रपटाकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. तारामती झाले अण्णा हरी साळुंके. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. सूची करणाऱ्यापुढे येथेच पहिली पंचाईत. 'दादासाहेब' हे फाळक्यांचे नाव नाही, आदराची हाक आहे. पण जग त्यांना त्याच नावाने ओळखते. साळुंक्यांचे 'अण्णा' हे मात्र हाक म्हणून गाळता येत नाही, कारण ते गाळले तर नुसते साळुंके उरतात.

त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामे केली. स्त्रीने चित्रपटात काम करणे हीच त्या वेळी नवलाची गोष्ट होती. मुलीचे नाव आज सूच्यांत आढळते ते कमलाबाई गोखले असे, म्हणजे सासरच्या आडनावाने. आईचे आडनाव कामत, मुलीचे गोखले. नाव पाहून दोघी मायलेकी आहेत असे कळण्याचा मार्ग नाही. ज्यांच्या हातून हे चित्रपट सिद्ध झाले त्यांपैकी सरस्वतीबाई फाळके यांची गोष्ट तर आणखी निराळी. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, कामकरी मंडळींचे जेवणखाण सांभाळणे ही सारी कामे त्यांनी केली. श्रेयनामावलीत त्या कामांना खणच नव्हता. जेथे खण नाही तेथे नाव कोणत्या तऱ्हेने लिहावे हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि सूचीवरून इतिहास लिहिणाऱ्यास अशी माणसे दिसतच नाहीत. सूची वाचताना तीत कोण आहे हे पाहावे, तसेच कोण नाही हेही पाहावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

बोलपट आले. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' निघाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे. 'व्ही. शांताराम' हे नाव विलक्षण आहे. शांताराम राजाराम वणकुद्रे या नावातले आडनाव आद्याक्षर होऊन पुढे गेले आणि स्वतःचे नाव मागे राहिले. परदेशी सूचीकार 'शांताराम' हे कुलनाम समजतो. ती समजूत चुकीची. पण सूचीत त्यांना 'शांताराम' या पदाखाली ठेवावे, हा निर्णय मात्र बरोबर, कारण आपणही त्यांना शांतारामबापूच म्हणतो! मास्टर विनायक यांचे आडनाव कर्नाटकी. मास्टर भगवान यांचे पालव. मास्टर कृष्णराव यांचे फुलंब्रीकर. यांतले 'मास्टर' हे पद म्हटले तर उपाधी, म्हटले तर नावाचाच भाग. उलट राजा परांजपे आणि राजा गोसावी यांचे 'राजा' हे नावच आहे. उपाध्या गाळाव्यात असा सरसकट नियम एखाद्याने केला, तर तो मास्टर विनायकांचे 'मास्टर' काढील आणि चुकून राजाभाऊंचे राजेपणही काढील. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू तर पडद्यावर एकपदी नावानेच झळकले. आणि त्याच काळी त्याच पडद्यावर चंद्रकांत गोखले हे दुसरे चंद्रकांतही होते. ते कमलाबाईंचे चिरंजीव.

आडनावावरून नाते ठरविण्याची घाई किती फसवी असते, याचे एक उदाहरण संगीतातले. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे ही तीन सख्खी भावंडे. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची मुले. हिराबाईंचे बालपणीचे नाव चंपाकली. तीन आडनावे, एक घर. यंत्राने नुसत्या अक्षरांवरून जुळवाजुळव केली तर त्याला येथे काहीही नाते दिसणार नाही.

पार्श्वगायनाची चाल पडली तेव्हा नवीच अडचण आली. पडद्यावर एकीचा चेहरा, आवाज दुसरीचा. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' हे गाणे लता मंगेशकरांचे. पण त्याची जी तबकडी प्रथम निघाली तीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'; आणि कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव. पात्राने गाणे गायिले आणि गायिकेचे नाव राहून गेले! पुढे याच लताबाईंनी १९६३ ते १९६९ च्या दरम्यान भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिले. या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत मोठे अंतर आहे. 'कामिनी' हे नाव दुसऱ्यांनी लावले. 'आनंदघन' हे त्यांनी स्वतः घेतले. पहिल्या ठिकाणी सूचीकाराने चूक दुरुस्त करणे हे कर्तव्य ठरते. दुसऱ्या ठिकाणी कलावंताने निवडलेले नाव जसेच्या तसे ठेवून, त्यामागची व्यक्ती कोण एवढीच नोंद करणे योग्य.

आता संगणकाच्या सूच्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश खंडशः सिद्ध केला, तो छापील. तिकडे इंग्लंडात कॉल नीडहॅम या चित्रपटवेड्या तरुणाने, आपल्यासारख्याच हौशी लोकांनी जमविलेल्या याद्या धुंडाळता याव्यात म्हणून, १७ ऑक्टोबर १९९० रोजी काही संगणक-आज्ञा लिहून सर्वांस खुल्या केल्या. त्यातूनच आयएमडीबी ही आजची प्रचंड चित्रपटसूची उभी राहिली. १९९८ साली ती अ‍ॅमेझॉन कंपनीने विकत घेतली. संगीतासाठी २००० साली डिस्कॉग्ज आणि म्यूझिकब्रेन्झ या दोन सूच्या सुरू झाल्या. यांतील बरीचशी नोंद हौशी लोक करतात, हे लक्षात ठेवावे.

आरंभीच्या याद्यांत आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, अशी जुनी ग्रंथालयी मांडणी होती. एकाच नावाची दोन माणसे आली तर नावापुढे कंसात रोमन आकडा घालीत. पुढे प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक देण्यात आला. आयएमडीबीतील व्यक्तींचा पहिला क्रमांक नर्तक-नट फ्रेड अस्टेअर यांचा आहे. आणि गंमत अशी की, त्यांचेही जन्माचे आडनाव ऑस्टरलिट्झ हे होते. क्रमांक आला आणि एक मोठी सुटका झाली. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. आता सूचीकार तीन गोष्टी वेगळ्या ठेवू शकतो : माणूस कोण, हे क्रमांकाने; त्याचे मुख्य नाव कोणते, हे लोकांच्या ओळखीवरून; आणि त्या विशिष्ट कृतीवर त्याचे नाव कसे छापले होते, हे त्या कृतीवरून. म्यूझिकब्रेन्झमध्ये याखेरीज अनुक्रमासाठी नाव कसे लावावे याचाही स्वतंत्र खण असतो. २०१२ पासून तर ग्रंथ, संगीत, चित्रपट अशा सर्व क्षेत्रांतील व्यक्तींसाठी सोळा अंकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांकही मिळू लागला आहे.

म्हणजे सुलोचनाबाईंच्या बाबतीत योग्य नोंद कशी व्हावी? क्रमांक एक. मुख्य नाव सुलोचना चव्हाण. परंतु १९५१ च्या 'ढोलक' चित्रपटापुढे 'सुलोचना कदम या नावाने' असा शेरा. यात कदमही पुसले जात नाही आणि चव्हाणही. कटरची ती 'पाहा' चिठ्ठीच येथे नव्या वेषात आली आहे, असे म्हटले तरी चालेल.

तरीही देवनागरीच्या आणि आपल्या चालीरीतींच्या म्हणून काही अडचणी उरतातच. 'पु.ल. देशपांडे' आणि 'पु. ल. देशपांडे' यांत आपल्याला काही फरक दिसत नाही. यंत्राला दिसतो, कारण एकात टिंबानंतर जागा आहे आणि दुसऱ्यात नाही. रोमन लिपीत नाव गेले की ळ आणि ल, ण आणि न यांचे भेद जातात : काळे आणि काले एकच होतात, काणे आणि काने एकच होतात. फडक्यांची इंग्रजी अक्षरे दोन तऱ्हांनी लागतात, वाडकरांचीही तसेच. ती अक्षरे यंत्राने पुन्हा देवनागरीत आणली तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही. मघाशी फुल्यांचे मूळ आडनाव 'गोऱ्हे' असे आम्ही सांगितले. त्यातील अर्धा र संगणकात दोन निराळ्या सांकेतिक पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी, यंत्राला मात्र दोन नावे. फार कशाला, 'नाव' हा शब्दच पाहा ना. पूर्वी तो 'नांव' असा सानुस्वार लिहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले आणि अनुस्वार गेला. तेव्हा जुन्या नामावलीतील रूप आणि आजचे रूप यांत फरक असणारच. तो चूक नव्हे, काळाची खूण होय. छापील रूप जपावे आणि शोधण्यासाठी आजचे रूप द्यावे.

येथे कोणी विचारील, एवढ्या बारकाव्यांत शिरून साधावयाचे काय? गाणे ऐकावे, चित्रपट पाहावा, नाव कसेही लिहा! या आक्षेपास आमची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर हक्काचे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने, कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क लेखकास दिला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तसाच हक्क गायक-वादक-नटांनाही मिळाला, आणि गीतकार व संगीतकार यांचा मानधनाच्या वाट्यावरील हक्क बळकट झाला. आज गाणी वाजतात ती संगणकावरून, आणि पैसे कोणास द्यावयाचे हे ठरते ते नोंदलेल्या नावावरून. नोंद चुकली तर वाटा चुकतो. पुष्कळ वृद्ध कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या दृष्टीने ही गोष्ट चैनीची नाही.

दुसरे उत्तर न्यायाचे, आणि ते विशेषतः स्त्रियांच्या बाबतीतले. पुरुषाचे नाव बहुधा जन्मभर एकच राहते. स्त्रीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कित्येक घरांत तर स्वतःचे नावही सासरी बदलले जाई. त्यामुळे सूचीत जिच्या आयुष्याचे तुकडे पडतात ती बहुधा स्त्रीच असते. लग्नापूर्वीची कामे एका नावावर, नंतरची दुसऱ्यावर; मग 'हिने फारसे काही केले नाही' असे अनुमान काढावयास सूचीकार मोकळा! नावाची नीट जुळणी करणे म्हणजे अशा बाईला तिचे अखंड आयुष्य परत देणे होय.

मात्र येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जुळणीच्या उत्साहात खोदकाम किती करावे याला मर्यादा आहे. कोणी जात कळू नये म्हणून आडनाव टाकले असेल. कोणी दुःखद संसारातून बाहेर पडून जुने नाव मागे ठेवले असेल. कोणी केवळ आपल्या मर्जीने नवे नाव धारण केले असेल. वि. वा. शिरवाडकर यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले आणि आपल्या आवडीने कुसुमाग्रज झाले. ही गोष्ट जगजाहीर आहे, म्हणून ती लिहावी. पण जे नाव माणसाने मागे टाकले आणि ज्या नावाने त्याने कधी काही प्रसिद्ध केले नाही, ते शोधून चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार सूचीकारास नाही. कामावर जे नाव घातले गेले ते इतिहासाचे. घरात राहिले ते त्या माणसाचे. एवढी रेघ पाळली तर पुष्कळ अनर्थ टळतील असे आम्हांस वाटते.

आणि हे प्रश्न जुने होऊन संपले, असेही कोणी समजू नये. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने असे ठरविले की, मुलांच्या शासकीय कागदांवर प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. तीन खणांचे चार झाले. या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो; ज्या आईचे नाव शतकानुशतके कोणत्याही खणात नव्हते तिला खण मिळाला. पण हीच मुले उद्या गातील, नाटके करतील, चित्रपट काढतील. त्यांची नावे परदेशी सूचीत जातील तेव्हा दुसरे पद पाहून तेथील सूचीकार ते बापाचे समजणार की आईचे? हे सांगावयास आपणांवाचून दुसरे कोण आहे? पॅरिसच्या परिषदेने आपल्या देशाच्या रूढीस मान दिला. परंतु रूढी कोणती हे सांगण्याचे काम आपल्याकडेच राहिले आहे.

म्हणून शेवटी श्रोत्यांस एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या नाटकांच्या जाहिराती, गायनाच्या कार्यक्रमपत्रिका, तबकड्यांची पाकिटे, चित्रपटांच्या पुस्तिका पडून असतील. कोणाची आत्या आकाशवाणीवर गात असेल, कोणाचे आजोबा एखाद्या कंपनीत पेटी वाजवीत असतील. त्या कागदांवर नाव जसे छापले आहे तसे, एका अक्षराचाही फरक न करता, उतरून घ्या. त्याच्या शेजारी ते माणूस कोण, माहेरचे नाव कोणते, सासरचे कोणते, लोक कोणत्या नावाने ओळखत, हे लिहा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना दाखवून खात्री करून घ्या. त्यांतले जे त्या माणसास जगापुढे यावेसे वाटले असते तेवढेच पुढे सूचीत जाऊ द्या. छायाचित्राच्या पाठीमागे 'डावीकडून तिसरी – आई' असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. लिहिणाऱ्यास ते पुरेसे होते. त्याच्या नातवाला ते पुरत नाही. तेव्हा आईचे नाव लिहा.